कोल्हा आणि हलकी गोळी

बायकोलाही कधी सांगितलेलं नाही, पण सासऱ्यांचा तो नेम मीच चुकवला.

आज नववर्षाच्या सकाळी रस्त्यावर जळक्या फटाक्यांचा वास आला आणि मी मनानं थेट पापांच्या तळघरात पोचलो. पापा म्हणजे माझे जर्मन सासरे. त्यांची मॅग्नम रायफल रानडुकरांसाठीची, भलीमोठी. तिच्यातून कोल्ह्यासाठी हलकी गोळी मारायचा त्यांना ध्यास लागला होता. हिवाळाभर ते पितळी पुंगळ्यांत बंदुकीची दारू मोजून भरत, वर इवलीशी गोळी दाबून बसवत आणि मी ती काडतुसं पुसून डबीत ठेवी. सासूबाई म्हणत, "तोफेत वाटाणे भरताहेत दोघं."

अखेर आम्ही रानातल्या मचाणावर बसलो. बर्फात कोल्हा आला आणि मागच्या पायानं निवांत कान खाजवत बसला. मला हसूच आलं. पापांनी चाप ओढला त्याच क्षणी मी गुडघ्यानं फळी हलवली. कोल्हा पसार.

"आल्झो, म्हणजे गोळीच हलकी पडली," पापा म्हणाले आणि त्यांनी तो नाद सोडला.

तेव्हा मी मनातून खूश होतो. आज कोल्ह्याइतकाच त्यांचा उतरलेला चेहराही आठवतो. ऐंशीचे पापा अजून नातवाला त्या फसलेल्या गोळीची गोष्ट सांगतात. गोळी उत्तम होती, एवढं त्यांना सांगायचं माझ्याकडून राहिलंय.