अण्णांची घुंगरांची काठी

आमच्या घरात भुताखेतांना थारा नव्हता. आमच्या वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा आजोबांनी घरातले ताईत, अंगारे, सगळं नदीत सोडलं. पुढं कुणी करणी-बिरणीची गोष्ट काढली, की अण्णा — माझे वडील — हात जोडून त्याला दार दाखवत. मी अशा घरात वाढले, बँकेत नोकरी करून रिटायर झाले. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच विचित्र वाटतंय. पण जे झालं ते माझ्यासमोर, भर दुपारी, माणसांनी भरलेल्या हॉलमध्ये झालं...

साल चौऱ्याहत्तर असावं. आम्ही पिंपरीत राहायचो. अण्णा तिथल्याच एका कंपनीत फाउंड्रीला होते. मूळ गाव चाकणच्या पुढं. आजोबा तिथले येसकर — म्हणजे गावाची राखण करायची, चावडीचे निरोप पोचवायचे, कुणी मेलं तर उन्हातान्हात गावोगाव सांगत फिरायचं. हातात घुंगरं लावलेली काठी. येणारा कोण ते लोकांना लांबूनच कळावं आणि त्यांना बाजूला होता यावं, म्हणून. दीक्षेनंतर आजोबांनी ते काम सोडलं. काठी मात्र राहिली. शिसवी, वर चांदीचं कडं, टोकाशी पितळी घुंगरं.

आईला ती घरात नको होती. अण्णांना ती म्युझियममध्ये हवी होती. "खाली बाचं नाव लिव्हलं पाहिजे," ते म्हणायचे. "लोकांनी बघावं, आमी काय काय सोसलं ते."

हे कंपनीतल्या एका मोठ्या साहेबांच्या कानावर गेलं. नाव लिहीत नाही. त्यांच्या चिंचवडच्या बंगल्यावर रविवारी पुण्याहून जुन्या वस्तूंचे एक जाणकार येणार होते, आणि ओळखीची मंडळी आपापल्या घरातल्या चिजा त्यांना दाखवायला आणणार होती. साहेबांनी अण्णांनाही बोलावलं. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला, मला सोबत घेतलं. बसमध्ये घुंगरं इतकी वाजत होती की कंडक्टर म्हणाला, "भाऊ, बैल कुठं ठेवला?" लोक हसले. मी घुंगरांवर ओढणी गुंडाळून धरली.

हॉलमध्ये अत्तरदाण्या, पानाचे डबे, एक तलवार... जाणकार प्रत्येक वस्तू भिंगातून बघत होते, घराण्याचं नाव विचारत होते, तोंडभरून बोलत होते. आमची पाळी आली.

"वा, दुर्मीळ आहे. म्युझियमवाले आनंदानं घेतील."

अण्णांचा चेहरा असा उजळलेला मी क्वचितच पाहिला होता. त्यांनी आजोबांचं नाव सांगितलं.

"नावाचं काही नाही हो," जाणकार म्हणाले. "नुसतं 'येसकराची काठी' पुरे. बरं, एक करा... ही घेऊन जरा चालून दाखवा. कसे यायचे, हाळी कशी द्यायचे. मंडळींना बघू दे."

मंडळी खुर्च्या सरकवून बसली.

अण्णा म्हणाले, "चालून दाखवणार न्हाई. आवाज ऐकायचा तर ऐका." आणि बसल्या जागेवरून त्यांनी काठी फरशीवर आपटली.

लाकडाचा ठक् आवाज आला. घुंगरं थरथरताना दिसली... पण वाजली नाहीत. अण्णांनी पुन्हा आपटली. मग जाणकारांनी हातात घेऊन हलवली. एका घुंगरात सुई घालून आतला खडा हलवून पाहिला. "मोकळा आहे की," ते पुटपुटले.

तेवढ्यात आतलं दार उघडलं. साहेबांची म्हातारी आई, भिंत धरून उभी. त्यांना कित्येक वर्षं काही ऐकू येत नव्हतं. घरचे पाटीवर लिहून त्यांच्याशी बोलत, हे साहेबांनीच आल्या आल्या सगळ्यांना सांगितलं होतं. त्या सरळ अण्णांकडे बघत मोठ्यानं म्हणाल्या, "केव्हाची काठी वाजवतोयस. कोण गेलं?"

सगळ्यांनी घुंगरांकडे पाहिलं.

"आणि आत कुणी घेतलं तुला? पायरीखाली उभा राहून सांग."

साहेबांनी मान खाली घातली. अण्णा उठले. शांतपणे म्हणाले, "कुणी न्हाई गेलं, आजी. आमी ते काम सोडलं."

हे मात्र त्यांना ऐकू आलं नाही. कानामागं हात धरून त्या विचारतच राहिल्या, "काय म्हणतोय? काय म्हणतोय हा?"

आम्ही निघालो. फाटकाबाहेर पाऊल टाकलं आणि घुंगरं वाजायला लागली, येताना बसमध्ये वाजत होती तशीच. अण्णांनी म्युझियमचा विषय पुन्हा कधी काढला नाही.

काही दिवसांनी साहेबांनी अण्णांना केबिनमध्ये बोलावलं. आम्हाला वाटलं, माफी मागतील. ते म्हणाले, "त्या दिवसानंतर आईला पुन्हा काही ऐकू येत नाहीये. तेवढी ती काठी घेऊन एकदा येऊन जाल का? बाहेर अंगणात वाजवली तरी चालेल."

अण्णा नाही म्हणाले.

घुंगरं तिथं का वाजली नाहीत, आणि त्या बाईंनाच ती कशी ऐकू गेली, हे मी पुष्कळांना विचारलं. आजवर कुणाला सांगता आलं नाही. महिन्याभरात अण्णांना कायमची रात्रपाळी लागली, ती रिटायर होईपर्यंत. ती का लागली, ते मात्र मला कुणाला विचारावं लागलं नाही.