शांताची तेरवी आणि तो इंग्रजी पिक्चर

मी चौथी पास आहे. हे वहीत हाताने लिहिलं, नात टाइप करून देते आहे. शुद्धलेखन तिचं, राग माझा.

भूतबित मी मानत नाही. गावातल्या कितीतरी मेलेल्या बायकांना मी स्वतःच्या हाताने आंघोळ घातली आहे. एकही उठून बसली नाही. म्हणून इथे जे लोक पिंपळावरच्या बाईच्या गोष्टी लिहितात, त्या वाचून मला हसू येतं. तरी माझी गोष्ट लिहिते आहे, कारण महिना झाला, ती डोक्यातून जात नाही.

मी बालाघाटला मुलाकडे राहते. मागच्या महिन्यात एका दुपारी नात टीव्हीवर काहीतरी लावून बसली होती. काळापांढरा इंग्रजी पिक्चर. मेलेली माणसं पाय ओढत चालत येतात, घरातले लोक दारं-खिडक्यांना फळ्या ठोकतात. मी म्हटलं, "हा मी पाहिला आहे."

नात हसली. "आजी, ये zombie की picture है. तू कुठे पाहशील?"

पाहिला होता. चाळीसेक वर्षांपूर्वी, माहेरी. आता ते सांगते.

माझं माहेर हट्ट्याजवळच्या एका गावात. मी सासरी भरवेलीला, नवरा तिथल्या खाणीत कामाला. धाकटी बहीण शांता हिने घरातून निघून दुसऱ्या जातीच्या मुलाशी लग्न केलं आणि नागपूरला गेली. आमच्या बाबांनी काय करावं? तिला मेली म्हणून जाहीर केलं. नुसतं तोंडाने नाही. कणकेची बाहुली केली, तिला साडीचा तुकडा गुंडाळला, तिरडीवर बांधून नदीवर नेली आणि जाळली. बाबांनी आणि भावाने डोकं भादरलं. तेराव्या दिवशी सगळ्या गावाला जेवण. लोक आले, बोटं चाटून जेवले, आणि जाताना म्हणाले, "बरं केलं पाटील, नाक राखलं."

जिवंत पोरीची तेरवी! आणि त्या जेवणात मीठ कमी पडलं म्हणून कुरकुर करणारेही होते.

आई लकव्याने अंथरुणाला खिळलेली, तिचं डावं अंग गेलेलं. तिला कोणी विचारलं नाही. कणीक कोणी मळली? मी. बाहुली कोणी केली? मी. बाबांनी सांगितलं आणि मी केली. आमच्या शांताचं नाक जरा बसकं होतं... तसंच काढलं. इतकी मी शहाणी.

त्यानंतर महिना झाला नसेल. भावाच्या डोक्यावर केस नुकते खुंटासारखे उगवले होते. त्याने रविवारी भाड्याने व्हिडिओ आणला. दोन हिंदी पिक्चर आणि तिसरी कॅसेट दुकानदाराने तशीच दिली होती — हा इंग्रजी भुताचा. मी आईला पाहायला माहेरी आले होते. भर दुपार होती, म्हणून खिडक्यांना गोधड्या लावून अंधार केला. पुढच्या खोलीत पंधरा-वीस लोक. बाबा सगळ्यांत पुढे खुर्चीवर. मी मागे, बाजूच्या दाराजवळ. आईची खोली आतली. तिला एकच दार आणि ते आम्ही बसलो होतो त्या खोलीतच उघडायचं. खिडकी नाही. हे नीट लक्षात ठेवा.

मेलेली माणसं चालत यायला लागली तशी लोक हसायला लागले.

"हे तं दारूच्या भट्टीवरून येऊन राह्यले!" भाऊ म्हणाला.

"तुया सासऱ्यासारखा चालते तो कोटवाला," मागून कोणीतरी म्हणालं.

मग पडद्यावर दारावर हात आपटायला लागले आणि हसणं थांबलं. तेवढ्यात आमचं बाजूचं दार उघडलं. उन्हाची पट्टी आत आली आणि गेली. कोणीतरी दार लोटून माझ्याजवळ येऊन बसलं.

शांता होती. अनवाणी. मी तिला टीव्हीच्या उजेडात पाहिलं, स्वप्नात नाही.

"काहून आली तू?" मी कुजबुजले.

"मायले भेटाले."

"बाबा पाह्यतीन तं जीव घेतीन. जा."

"एक डाव भेटू दे न वो, बाई." ती मला बाई म्हणायची. "दोन मिनिटं. मायचे पाय दाबतो अन् जातो."

"तुही तेरवी झाली इथं," मी म्हटलं. "कोणत्या तोंडानं आली? जा म्हणतो न!"

ती रडली नाही. उठली, आली तशी बाहेर गेली. मी मागोमाग उठून कडी लावली. पडद्यावरचे लोक फळ्या ठोकतच होते.

पिक्चर संपला. मी चहा घेऊन आईकडे गेले. आई जागी होती. तोंड वाकडं झालेलं, पण बोललेलं समजायचं.

"शांती आलती," आई म्हणाली. "पाय दाबून गेली. जेवली का म्हटलं तं काही बोलली नाही. तिले ताप हाय का वो? हात लय गरम होते."

त्या खोलीत जायचं तर पंधरा-वीस लोकांच्या मधून जावं लागत होतं. आणि मी तर तिला बाहेर घालवून कडी लावली होती.

संध्याकाळी मी वहिनीला बाजूला घेतलं. "तू शांताले पाह्यली का?"

तिने ओठांवर बोट ठेवलं. "मेलेल्याचं नाव नोको घेऊ, नणंदबाई."

मी समजले. सगळ्यांनी पाहिलं होतं! तेरवी जेवले होते ना, मग पाहून न पाहिल्यासारखं करणार. तीच माझ्या नजरेआड कशीतरी परत आत शिरली असेल आणि सगळे गप्प बसले असतील. मी हेच धरून चालले. चाळीस वर्षं मी त्या गावातल्या लोकांशी फटकून वागले. आई आठच दिवसांत गेली. शांताला कोणी कळवलं नाही.

बाबा गेल्यावर शांताशी बोलणं सुरू झालं. आता फोनवर बोलतो. पण त्या दुपारचा विषय मी कधी काढला नाही. शरम वाटायची. तिनेही काढला नाही, मला वाटलं मोठ्या मनाची आहे.

नातीने तो पिक्चर लावला आणि मला राहवलं नाही. शांताला फोन लावला. म्हटलं, "त्या दिवशी मी तुले घालवलं. माहं चुकलं."

"कोणत्या दिवशी?"

मी सगळं सांगितलं.

"बाई, मी कधी आलीच नाही," ती म्हणाली. "मी तवा नागपूरले दवाखान्यात भरती होती. पह्यलं पोरगं पोटातच गेलं, महिनाभर उठली नाही. मायचं तुमी सांगितलं असतं तं रांगत आली असती."

मी वहिनीला फोन केला. ती आता पंचाहत्तरीची, बाबा नाहीत, भाऊ नाही, तिला कोणाची भीती? ओरडलेच तिच्यावर. ती म्हणाली, "मायची आन, कोणीच नोतं आलतं. तूच एकटी बडबडली अन् उठून कडी लावली. आमाले वाटलं पिक्चरले भ्याली."

म्हणजे लोक खोटं बोलत नव्हते. एवढी वर्षं ज्यांच्यावर रागावले, त्यांचा त्या एका गोष्टीत दोष नव्हता. बाकी सगळ्यात होता, आणि तो मी सोडणार नाही. जाळताना होते ना सगळे!

कमेंटमध्ये मला भास झाला म्हणून सांगू नका. आईलाही झाला का? लकव्याच्या बाईचे पाय भासाने दाबले? आणि मंत्रही सांगू नका. मला त्यातलं काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही.

मी शांताला परत फोन केला. तिने एकच विचारलं, "माय काय म्हणे तिले?"

मी सांगितलं, "जेवली का म्हणे."

शांता मग म्हणाली, "मले तं कोणी जेवली का म्हणून विचारलं नाही. माह्या नावानं आली अन् माह्या मायले भेटून गेली ते." आणि फोन ठेवला. तेव्हापासून ती माझा फोन उचलत नाही.

रागावली आहे. माझ्यावर असेल, त्या दुसरीवर असेल, मला समजत नाही. माझी माफी तशीच तोंडात राहिली. जिला मी जा म्हटलं ती शांता नव्हती, आणि खरी शांता म्हणते ती कधी आलीच नाही. मग मागू कोणाला?