अर्थिंगला रोज एक बादली

वायरमननं अंगणाच्या कोपऱ्यात कंबरभर खड्डा खणला, त्यात लोखंडी पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि जाडं मीठ भरलं, वर चार विटा रचल्या आणि हात झटकत म्हणाला, "काका, याले रोज एक बादली पानी टाकत जा. जमीन वली असली तरच करंटले खाली उतराले वाट भेटते. नाही तं तुमची गाडी चार्ज घेनार नाही."

मी रिसोडच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं. पण अर्थिंगलाही तहान लागते, हे एकाही वर्गाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर निदान एका पोरानं तरी नीट ऐकलं असतं.

लोकांना वाटलं, मास्तरांनी पेट्रोल वाचवायला बॅटरीची गाडी घेतली. मी हो म्हणून मोकळा व्हायचो. खरं कारण वेगळं होतं. माझ्या बायकोला गाडी लागते. डिझेलचा वास आला की तिचा चेहरा पांढरा पडतो, आणि मग सगळा रस्ता ती पदरात तोंड खुपसून काढते. तिचं माहेर धनजचं. तिथं तिची थोरली बहीण एकटी राहते. आम्ही सगळे तिला बाई म्हणतो. आई लवकर गेली, तेव्हा बाईनंच हिला वाढवलं. आता बाईचे गुडघे गेले आणि हिचा धीर. आठ वर्षं झाली, दोघी फोनवरच भेटत होत्या. फोन ठेवताना बाई रोज एकच विचारायची, "मंग कवा येतं वं?" आणि ही रोज म्हणायची, "येतो ना बाई."

ते 'येतो' मला ऐकवेना, म्हणून गाडी.

घरच्या साध्या मोठ्या प्लगवर गाडी अगदी हळू चार्ज होते. सकाळी केबल लावली की दिवस कलेपर्यंत. मला ते फार आवडू लागलं. निंबाच्या सावलीत खुर्ची टाकून मी बसायचो. भिंतीवरच्या चार्जरच्या डबीवर हिरवा दिवा मिणमिणायचा, आतून बारीक घूं ऐकू यायचं, आणि गाडी रवंथ करणाऱ्या गाईसारखी निवांत उभी असायची. अर्ध्या झोपेत मला वाटायचं, ती वीज नाहीच भरून घेत, आमच्या अंगणातली दुपारच थोडी थोडी पिऊन राहिली आहे. डोळा लागायचा. उठलो की चार्जचा काटा थोडा वर आलेला असायचा.

फाल्गुनात धनजला जायचं ठरलं. आदल्या सकाळी केबल लावली, तर दिवा लाल. काढून पुन्हा लावली. लाल. खड्ड्याच्या विटा बाजूला केल्या, तर आतली माती भाजल्यासारखी कोरडी आणि मिठाचे खडे वर आलेले.

माझा पारा चढायला वेळ लागत नाही. "पाणी कोण टाकत होतं इथं?"

बायको मोगऱ्याच्या आळ्याजवळ उभी होती. नळ चार-पाच दिवसांनी यायचा, त्यामुळे तांदूळ धुतलेलं पाणीही ती वाया घालवत नव्हती. म्हणाली, "महिना झाला, म्या नाही टाकलं. जिथं काई उगोत नाही तिथं कायले टाकू? मोगरा वायून चालला होता." मग हलक्या आवाजात, "बाईच्या अंगनातलं कलम आहे ते."

मी फार बोललो. काय काय बोललो ते लिहीत नाही, अजून लाज वाटते. प्यायच्या हंड्यातलं पाणी तिनं खड्ड्यात ओतलं आणि दिवा हिरवा होईपर्यंत तिथंच उकिडवी बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी निघालो. गाडीत ना वास, ना धडधड. वाशिम मागं पडलं तरी तिचा पदर खांद्यावरच होता. ती काच खाली करून बघत होती. माळावर पळस पेटला होता, तुरी निघालेली काळी वावरं मोकळी पडली होती. कारंज्याच्या अलीकडे तिनं विचारलं, "ह्या टेकड्या पयलेही इथंच होत्या का?" इतक्या वेळा त्या रस्त्यानं गेलेली ही तो रस्ता पहिल्यांदा पाहत होती. मी गाडी आणखी हळू केली.

बाई ओट्यावरच बसली होती. "आवाजच नाही आला," म्हणाली. "मले वाटलं, सपनच पडून राह्यलं." मग दोघी एकमेकींचे हात धरून बसल्या.

चार वाजले तशी माझी चुळबुळ सुरू झाली. मी इथं कधीच मुक्काम केला नव्हता. शाळा, परीक्षा, पेपर, काहीतरी असायचंच, आणि माझ्याबरोबर हिलाही उठावं लागायचं. पण एका चार्जवर येणं झालं होतं, जाणं होणार नव्हतं. मोटारपंपाच्या प्लगला केबल लावली. दिवा लाल.

मीटरपासून निघालेली अर्थिंगची तार मागच्या अंगणात एका सळईला बांधली होती. पूर्वी तिथं न्हाणी होती, सगळ्या घराच्या अंघोळीचं पाणी सळईपाशी मुरायचं. आता न्हाणी आत गेली होती आणि जमीन तडकली होती. आता मला सगळं कळत होतं. हौदातून बादली भरली. दोन बादल्या टाकल्या, थोडी कळ काढली, की अंधाराआधी कारंज्यापर्यंत जाण्याइतकी वीज मिळाली असती. पुढचं तिथं पाहिलं असतं.

सळईपाशी पोचलो तोच तिनं मागून येऊन बादली माझ्या हातातून घेतली. भिंतीकडेला बाईचा जुना मोगरा होता, आमच्या मोगऱ्याची आई. सगळी बादली तिनं त्याच्या आळ्यात ओतली, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत.

"तिथं काई उगोत नाही," ती सळईकडे बघत म्हणाली. "उद्या टाकू."

चाळीस वर्षांत तिनं माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. मी केबल गुंडाळून डिकीत ठेवली आणि आत जाऊन बाईला विचारलं, माझं अंथरूण कुठं टाकू.