डेंग्यू, आप्पा आणि ड्रमातलं पाणी

"एनएस-वन पॉझिटिव्ह," डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि रिपोर्ट माझ्या बाजूला सरकवला.

पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं की वाईट, हेच मला आधी कळेना. माझी रूममेट कविता हलकेच म्हणाली, "अभिनंदन. या सेमिस्टरमधला तुझा पहिला पॉझिटिव्ह निकाल. डेंग्यू आहे."

एनएस-वन हे डेंग्यूच्या विषाणूचं एक प्रथिन. तापाच्या पहिल्या काही दिवसांत ते रक्तात सापडतं. ही तपासणी लवकर झाली म्हणून मला वेळेवर सावध होता आलं.

मी चेन्नईत तांबरमजवळच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकते. गाव दुष्काळी जत तालुक्यात. कॉलेजला गेलेली मी घरातली पहिलीच, त्यामुळे परक्या शहरात आजारी पडलं तर काय करायचं, हे घरात कुणालाच विचारता येत नव्हतं. तुमच्यापैकी कुणावर अशी वेळ आली तर थोडा उपयोग व्हावा, म्हणून लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. माझ्या लिहिण्यापेक्षा तुमच्या डॉक्टरांचं ऐका.

सुरुवात डोळ्यांच्या मागे दुखण्यापासून झाली. मग पाठ, मांड्या, सगळी हाडं. ताप भडकला. माझ्याकडे अंगदुखीच्या गोळ्या होत्या, पण कविताने त्या हातातून काढून घेतल्या. ती तिरुनेलवेलीची, तिच्या भावाला डेंग्यू होऊन गेलेला. ती म्हणाली, "आधी डॉक्टर. तोवर फक्त पॅरासिटामॉल." तिचं बरोबर होतं. डेंग्यूत अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

डेंग्यूवर खास असं औषध नाही. भरपूर पातळ पदार्थ प्यायचे, विश्रांती घ्यायची आणि रक्त तपासत राहायचं. रोज सकाळी आम्ही रिक्षाने दवाखान्यात जायचो, रक्त द्यायचो आणि बाहेरच्या निळ्या खुर्च्यांवर रिपोर्टची वाट बघत बसायचो. प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, दर वेळी थोड्या कमीच झालेल्या असायच्या.

मग आप्पा आले. माझे वडील, गावाकडे ड्रायव्हर आहेत. मिरजेहून गाडीत बसले ते थेट इथे उतरले. त्याच दिवशी माझा ताप उतरला होता.

कपाळाला हात लावून आप्पा म्हणाले, "गेला की ताप. आता बॅग भर सुजे. आईनं सांगितलंय, तिला घेऊनच या म्हणून."

"परीक्षा झाली की येते, आप्पा."

"परीक्षा न्हाई आन् कॉलेज न्हाई. जिवापरीस मोठं काय हाय? गावात शिक की काय शिकायचं ते."

आप्पांशी वाद घालायची मला सवय नाही. एकदा घरी गेले तर परत येणं होणार नाही, हे मात्र स्पष्ट दिसत होतं.

त्याच दुपारी पोटात दुखायला लागलं आणि उलट्या थांबेनात. डॉक्टर मॅडमनी लगेच दाखल करून घेतलं. त्या म्हणाल्या, "ताप गेला म्हणून सगळे खूश होतात. डेंग्यूत मी त्याच वेळी घाबरते."

याला क्रिटिकल फेज म्हणतात. ताप उतरताना काही रुग्णांच्या रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं. रक्त दाट होतं आणि रक्तदाब एकदम पडू शकतो. रक्त किती दाट झालं आहे, ते हिमॅटोक्रिट या तपासणीतून कळतं. पोटदुखी, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, खूप गळून जाणं, यातलं काहीही दिसलं तर ताप नसला तरी दवाखाना गाठा.

सलाइन सुरू झालं. मॅडम फेरीला आल्या की आधी माझा पाय चेपून बघत, तो गार आहे का म्हणून. मग नाडी, मग रिपोर्ट. सलाइन कमी पडलं तरी धोका, जास्त झालं तरी धोका, म्हणून त्या ते सारखं कमीजास्त करत होत्या. इतकं लक्ष देऊन काम करणारं माणूस मी जवळून पहिल्यांदाच पाहिलं. आप्पा बाजूला बसून असायचे. घरी न्यायचं ते पुन्हा बोलले नाहीत, पण तो विचार त्यांनी सोडलेला नाही, हे मला माहीत होतं.

हळूहळू हिमॅटोक्रिट खाली आलं आणि प्लेटलेट्स चढू लागल्या. हातापायांना खाज सुटली. मॅडम म्हणाल्या, "खाज सुटली? छान! आता बरी होणार."

घरी सोडायच्या दिवशी आप्पांनी हात जोडले. "लई उपकार झाले, मॅडम. आता हिला गावाकडं न्येतो. तुमच्या शहरात डास फार. आमच्याकडं कोरडं हाय सगळं."

मॅडमचं हिंदी मोडकं, आप्पांचं ड्रायव्हरी. अडलं की मी मधे बोलत होते.

"कोरडं म्हणजे? पाणी कधी येतं?"

"उन्हाळ्यात टँकर येतो, आठवड्यातनं एकदा. मीच चालवतो की टँकर."

"लोक पाणी कशात साठवतात?"

"ड्रम, टाक्या, हंडे. मिळंल त्यात."

"आणि ड्रम पूर्ण रिकामा कधी करतात?"

आप्पा हसले. "रिकामा? तळातलं पाणी कोण टाकून दील? त्यावरच नवं भरायचं."

मॅडम म्हणाल्या, "मग हा डास तुमच्याकडेही आहे."

आप्पांचा चेहरा उतरला. "म्हंजे माझ्या पाण्यात डास हायेत म्हणता?"

"तुमच्या पाण्यात नाही. ड्रमच्या भिंतीवर."

मग त्यांनी समजावून सांगितलं. डेंग्यूचा डास एडिस इजिप्ती. तो दिवसा चावतो. त्याला गटार नको, घरातलं साठवलेलं पाणी हवं असतं. मादी पाण्याच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला अंडी चिकटवते. पाणी आटलं तरी अंडी मरत नाहीत. कित्येक महिने कोरडी राहतात आणि पाणी वर चढलं की फुटतात. जिथे माणसं पाणी साठवतात तिथे हा डास पावसावाचूनही जगतो. खरं सांगायचं तर ज्याने मला मरणाच्या दारात नेलं, त्या जीवाचंही मला तेव्हा कौतुक वाटलं. दुष्काळात तग कसा धरायचा, हे त्याला आमच्याइतकंच कळलं होतं.

"मग काय, पाणी ओतून द्यायचं?" आप्पांनी विचारलं. आवाज चढला होता. "आमच्या बाया मारतील मला."

"नाही, नाही!" मॅडम खळखळून हसल्या. "मी रामनाथपुरमची आहे, तिथेही दुष्काळच. माझ्या आईने पाणी ओतू दिलं नसतं. पाणी कापडाने गाळून दुसऱ्या भांड्यात काढा. रिकाम्या ड्रमची आतली भिंत काथ्याने खसखसून घासा. मग तेच पाणी परत भरा आणि वर कापड घट्ट बांधा. दर आठवड्याला."

आप्पांनी माझी औषधांची पिशवी उचलली. मग मला म्हणाले, "तुझ्या खोलीवर कशात भरता पाणी?"

खोलीवर आल्यावर त्यांनी आमचे प्लास्टिकचे कुडम, म्हणजे इकडच्या कळश्या, आणि न्हाणीतला ड्रम आधी पाणी गाळून काढून मग घासून स्वच्छ केले. कविता दारात उभी राहून तिच्या तमिळमध्ये म्हणाली, "अप्पा, महिनाभर राहा ना." त्यांना शब्द कळले नसावेत, पण ते हसले. दुसऱ्या दिवशी ते एकटेच गाडीत बसले.

आता गावात टँकर पोचला की आप्पा आधी प्रत्येक ड्रममध्ये डोकावतात. घासलेला नसेल तर नळी सोडत नाहीत. बाया म्हणतात, "पाणी द्यायला आलाय का सासू म्हणून आलाय?" आई हे फोनवर सांगताना हसून बेजार होते. पण घासतात सगळ्याजणी.

थकवा जायला पुष्कळ आठवडे लागले. जिने चढताना धाप लागायची. परीक्षा दिली, जेमतेम पास झाले. मॅडमचे, कविताचे आणि रक्त घेणाऱ्या सिस्टरचे आभार मला नीट मानता आले नाहीत. इथे मानते.

आप्पांचे आभार त्यांच्या तोंडावर मानायचं धाडस अजून झालेलं नाही. मागच्या आठवड्यात पारावर कुणीतरी त्यांना विचारलं म्हणे, "एवढी मरता मरता वाचली पोरगी, तरी तिथंच ठेवून आलास?"

आप्पा म्हणाले, "डास हितंबी हायेत. कॉलेज तिकडंच हाय."