कंदिलाला हात लावणारा मास्तर

आमच्या शाळेत जादूचा कंदील आला तेव्हा सगळ्या मास्तरांची तब्येत एकदम बिघडली. पडद्यावर चित्रं दाखवायचं ते यंत्र शिक्षणखात्याने पाठवलं होतं, म्हणजे कोणीतरी चालवायला हवंच होतं. तिसरीच्या मास्तरांना रॉकेलच्या वासाने घेरी येऊ लागली. चौथीच्या मास्तरांना अंधारात दिसेनासं झालं. शेवटी ते लोढणं माझ्या गळ्यात पडलं, कारण मी सर्वांत नवा होतो आणि मला वेळेवर कुठलं दुखणं सुचलं नाही.

"दसरा झाला की डेप्युटी साहेब तपासणीला येणार," हेडमास्तर म्हणाले. "कंदिलावरचा धडा फसला तर तुमची बदली पेठ तालुक्यात, तिकडे डोंगरात. मग माझ्याकडे येऊ नका."

पेठशी माझं काही वाकडं नव्हतं. पण माझी बायको इथे नाशकातच मुलींच्या शाळेत नुकतीच शिकवू लागली होती आणि तिकडे तिला जागा मिळण्यासारखी नव्हती. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. तिच्याशिवाय राहायची कल्पनाच मला सोसत नव्हती. हे मी कोणाला बोललो नाही, तेव्हा असलं बोलत नसत.

म्हणून शाळा सुटली की मी कंदील उघडून बसायचो. सोबतचं इंग्रजी पुस्तक कोणा विद्वानाने लिहिलेलं असावं. वात कशी लावायची तेवढं सोडून त्यात सगळं होतं. पहिल्या आठवड्यात दोन बोटं भाजली. दुसऱ्या आठवड्यात चित्रं उमटली, पण उलटी, हत्ती पाय वर करून. बायकोने घरातल्या चादरीचा पडदा शिवून दिला आणि पहिला सुलटा हत्ती तिनेच पाहिला. हळूहळू भीती मोडली. भिंगं काढणं, पुसणं, बसवणं हे पानाला चुना लावण्याइतकं अंगवळणी पडलं.

खंडेनवमीला हेडमास्तरांनी शाळेतली हत्यारं पूजेला मांडली: घंटेचा हातोडा, बागेतलं खुरपं, मोठी कात्री आणि मधोमध कंदील. त्याला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि दुसऱ्या दिवशी कपाटात ठेवून कुलूप लावलं. "आता साहेब येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही," त्यांनी बजावलं.

साहेब आले. खिडक्यांवर घोंगड्या टांगल्या, दिवा लावला, पडद्यावर उत्तर ध्रुव उमटला. तो गुलाबी होता. बर्फ गुलाबी, अस्वल गुलाबी, होडी गुलाबी. बर्फ कोणी पाहिलेलं नसल्यामुळे मुलं निवांत होती.

"बर्फाचा रंग कोणता?" साहेबांनी विचारलं.

"तांबूस," सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

मी वाकून कंदिलाच्या तोंडाशी पाहिलं. हेडमास्तरांनी कुंकवाचं बोट थेट पुढच्या भिंगावर टेकवलं होतं. "साहेब, हे खंडेनवमीचं कुंकू आहे," मी म्हणालो आणि दिवा जळत असतानाच भिंग उतरवलं, धोतराच्या सोग्याने पुसलं, पुन्हा बसवलं. हेडमास्तरांनी डोळे मिटून घेतले होते. ते उघडले तेव्हा अस्वल पांढरं झालं होतं.

"कंदील मी बऱ्याच शाळांत पाहिलेत, सगळे कपाटात," साहेब म्हणाले. "त्याला हात लावणारा मास्तर आज पाहिला." त्यांनी माझी पाठ थोपटली. मी घरी जाताना पंचवटीतून पेढे घेतले. बायकोने दोन खाल्ले आणि उरलेले शेजारी वाटले.

दिवाळीनंतर हुकूम आला. पेठ तालुक्यातल्या शाळाशाळांतून कंदिलाचे धडे देण्यासाठी, यंत्राची उत्तम जाण असलेला शिक्षक म्हणून, माझी तिकडे नेमणूक झाली होती. माझ्या कामाबद्दल समाधानही व्यक्त केलेलं होतं.

बायकोने कागद दोनदा वाचला. "थोडं वाईट शिकवता आलं नसतं का तुम्हाला?" ती म्हणाली आणि रडू लागली. स्वतःच्या हुशारीचा मला इतका राग पुन्हा कधी आला नाही.