डोमाजींच्या बागेतला पिक्चर

आमचा पिक्चर जेमतेम बावीस मिनिटांचा आहे. पण त्याचे किस्से सांगायला बसलो, की दुपारचा चहा संपून संध्याकाळचा येतो! दर भेटीत एखादा नवा निघतो, जुना थोडा लांबतो आणि कुसुम टोकते, "मागच्या खेपेला बस काटोलपर्यंतच गेली होती. आता पार नागपूरले पोचली का?" म्हणून म्हटलं, अजून फुगायच्या आत लिहून टाकावं.

कॉलेजात असताना आम्ही चौघांनी नागपूरला सीताबर्डीवरच्या एका टपरीत चहा पिता पिता ठरवलं होतं, मुंबईला जायचं आणि पिक्चर काढायचा. प्रभाकर डायरेक्टर, सुदाम हिरो, कुसुम हिरोईन आणि मी लेखक. पुढे प्रभाकर ड्रॉइंग मास्तर झाला, सुदाम एसटीत कंडक्टर, कुसुम प्रायमरीची बाई आणि दोन मुलींची आई, मी एका ऑफिसात क्लार्क. मुंबईला कोणीच गेलं नाही. प्रभाकरने सिनेमा शिकायला दोनदा अर्ज केला होता. दोन्ही वेळा नकार आला.

अठ्ठ्याहत्तर सालच्या दिवाळीत परदेशातून आलेल्या मेहुण्याने त्याला आपला जुना आठ एमएमचा कॅमेरा दिला. चावी भरून चालणारा. तो घेऊन प्रभाकर थेट माझ्या ऑफिसात! फायलींवर कॅमेरा ठेवला आणि म्हणाला, "चल."

मी म्हटलं, "लेका, आता? चाळिशी आली. सुदामचं पोट पाह्य जरा!"

"हिरो व्हायचं वय गेलं गा," प्रभाकर म्हणाला, "पिक्चर काढायचं कुठी गेलं?"

*

गोष्ट साधी होती. संत्र्याच्या बागेतला एक मुलगा बापाशी भांडून मुंबईला जातो, मागे त्याची बायको बागेत राबत वाट पाहते आणि काही वर्षांनी तो परत येतो. नरखेड तालुक्यात प्रभाकरच्या ओळखीच्या डोमाजींची बाग होती. घरात नवरा-बायको दोघंच; मुलगा कधीचा कामाला परगावी गेलेला, बरीच वर्षं आला नव्हता. चार रविवार मिळाले. बापाचं काम करणारा नट पहिल्याच रविवारी आला नाही, तेव्हा प्रभाकरने डोमाजींकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाबाजी, तुम्हीच उभे राहा."

"मले काही येत नाही गा."

"उभं राहता येते ना? मंग झालं!"

एक रीळ चार मिनिटांत संपायचं, धुवायला मुंबईला जायचं आणि महिन्याने परत यायचं. म्हणून प्रभाकरने प्रत्येक शॉट आधी ड्रॉइंगच्या वहीत काढून ठेवला होता. कुठल्या झाडाची सावली किती वाजता कुठे पडते, तेसुद्धा! रिकाम्या कॅमेऱ्यावर सात-सात तालमी घ्यायचा आणि आठव्यांदा रीळ घालायचा. त्याला दोनदा नकार देणाऱ्यांनी ही वही पाहायला हवी होती, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

*

आता तो बसचा किस्सा. मुलगा गाव सोडून जातो, तो सीन. खरी एसटी येणार, सुदामने पेटी घेऊन चढायचं, दारातून वळून बापाकडे पाहायचं आणि बस हलायच्या आत उतरायचं. ड्रायव्हर-कंडक्टर सुदामच्याच डेपोचे, सगळं सांगून ठेवलेलं.

सुदाम चढला. छान वळला. डोळ्यांत पाणीबिणी आणलं. आणि बारा वर्षांची सवय, हात आपोआप वर गेला. टिंग टिंग! डबल बेल!

ड्रायव्हरला काय, बेल ऐकली की गाडी सोडायची. बस निघाली. दारातून सुदाम ओरडतो, "अबे थांब!" आणि आत त्याचा आवाज कोणालाच ऐकू येत नाही. काटोलला उतरून उलट्या गाडीने परत यायला त्याला अडीच तास लागले. खाली मान घालून आला बिचारा. म्हणाला, "चुकलो गा. पुन्हा घेऊ."

"पुन्हा?" प्रभाकरने त्याला मिठीच मारली. "कॉलेजपासून पाहून राहिलो तुले. इतकं खरं तोंड तू आजच केलं!"

*

लेखक मी. माझ्या वहीत बापाच्या तोंडी वाक्य होतं : "बाळ, या मातीचे ऋण फेडल्यावाचून तुझी पावले कोठे चालली?" तीन संध्याकाळी घासूनपुसून लिहिलेलं. आवाज टेपरेकॉर्डरवर घ्यायचा होता. मी वाक्य वाचून दाखवलं. डोमाजींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"भाऊ, असं कोन बोलते?"

"मंग तुम्ही काय म्हणाल?"

त्यांनी जरा विचार केला. मग म्हणाले, "जाय. पन पंप बंद करून जाय."

प्रभाकरने टेप सुरू केला. मी माझी वही मिटली. मी मोठा लेखक होणार, हे कॉलेजपासून उराशी धरून बसलो होतो. ते त्या क्षणी सुटलं आणि खरं सांगतो, दुःख झालं नाही. संत्र्याच्या झाडाखाली बसून मी पोटभर हसलो!

*

कुसुमचा क्लोजअप ही प्रभाकरची जिवाची गोष्ट. त्या कॅमेऱ्याचं रीळ एका बाजूने संपलं की उलटं करून घालायचं असायचं. घाईत प्रभाकरने ते उलटं न करता तसंच पुन्हा घातलं. महिन्याने धुऊन आलं तेव्हा पाहतो तर कुसुमच्या चेहऱ्यावरून संत्र्याच्या टोपल्या चालल्या आहेत! एकावर एक दोन चित्रं.

प्रभाकर हिरमुसला. कुसुम मात्र पडद्याजवळ जाऊन पाहत राहिली. "राहू दे गा," ती म्हणाली, "वाट पाहणाऱ्या बाईच्या डोक्यात असंच चालते. डोळे रस्त्यावर आणि डोकं कामात."

पुढे धरमपेठेत एका हॉलमध्ये पिक्चर दाखवला. एक जाडजूड चष्म्याचे समीक्षक उठून उभे राहिले. त्या एका दृश्यावर दहा मिनिटं बोलले. प्रतीक, अंतर्मन, स्त्रीचं श्रमविश्व! शेवटी त्यांनी विचारलं, "दिग्दर्शकाला ही कल्पना सुचली कशी?"

प्रभाकर उभा राहिला. "सुचली नाही साहेब. रीळ चुकून दोनदा फिरलं. अर्थ या बाईंनी सांगितला."

आणि त्याने कुसुमला उभं केलं. सगळ्यात जास्त टाळ्या तिला पडल्या.

*

त्याच हॉलमध्ये मुंबईच्या एका डायरेक्टरचा असिस्टंट बसला होता. पंधरा दिवसांनी प्रभाकरला पत्र आलं, युनिटमध्ये जागा आहे, लगेच या. वीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते पत्र! मी आणि सुदाम पेढे घेऊन त्याच्या शाळेत गेलो. हा वर्गात पोरांकडून सुरईचं चित्र काढून घेत होता.

"कधी निघतो?" मी विचारलं.

"कुठी?"

"मुंबईले, अजून कुठी!"

"पुढच्या आठवड्यात पोरांची ड्रॉइंगची परीक्षा आहे," तो म्हणाला.

"मंग परीक्षा झाल्यावर जाय."

प्रभाकरने एका पोराच्या हातातली पेन्सिल घेतली, सुरईची मान सरळ केली आणि पेन्सिल परत दिली. "मले पिक्चर काढायचा होता," तो म्हणाला, "काढला ना!"

पेढे पोरांनी खाल्ले.

*

एक किस्सा राहिला. तो आम्ही चौघं असलो तरी सहसा काढत नाही.

शेवटचा रविवार. मुलगा परत येतो, तो सीन. रिळात मिनिटभराची फिल्म उरलेली.

सुदाम बौद्ध घरातला. चारही रविवार तो घरून डबा आणायचा. आम्ही तिघं डोमाजींच्या ओसरीवर जेवायचो आणि तो विहिरीजवळ जाऊन बसायचा. "मले तिथं हवा लागते," म्हणायचा. आम्ही ते ऐकून घ्यायचो. आज लाज वाटते. डोमाजींची बायको सखूबाई आतूनच वाढून पाठवायची. चार रविवारांत ती आमच्यासमोर आली नव्हती.

प्रभाकरने चावी भरली. सुदाम पेटी घेऊन अंगणात आला. दाढी वाढलेली, कपडे मळलेले. डोमाजींनी ओसरीवरून नुसतं पाहायचं, मग संपलं, असं ठरलं होतं.

तेवढ्यात सखूबाई घरातून बाहेर आली. हातात पाण्याचा लोटा. ती कॅमेऱ्यासमोरून सरळ सुदामकडे गेली, त्याच्या पायावर पाणी घातलं, दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरलं. "आला का गा बापू," म्हणाली. पेटी काढून घेतली, हाताला धरून त्याला ओसरीवर नेऊन बसवलं आणि ताट आणलं. भाकर, वांग्याची भाजी, कांदा.

कॅमेऱ्याची घरघर थांबली. फिल्म संपली होती. प्रभाकरने डोळा कॅमेऱ्यावरून काढला नाही, तोंडाने 'कट' म्हटलं नाही.

सुदामने आमच्याकडे पाहिलं. मग डोमाजींकडे.

"खाय," डोमाजी म्हणाले. "भिलाईचं पानी मानवलं नाही तुले."

आमच्या गोष्टीतला मुलगा मुंबईला गेला होता. भिलाईचं नाव त्यात कुठेच नव्हतं.

सुदामने मान खाली घातली आणि जेवायला लागला. सखूबाई समोर बसून पाहत होती. ताट संपलं, तसं त्याने तिच्यापुढे केलं.

"माय," तो म्हणाला, "अर्धी भाकर अजून दे."