दुसरी बॅटरी आणि खंडेनवमी

अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या परीक्षित देवस्थळीला मोटारीतलं सगळं ठाऊक होतं, पण कागदावर. गाडीची सीट गरम ठेवणाऱ्या वायरींची ड्रॉइंग्ज तपासणं हे त्याचं काम. मिशिगनमधल्या कितीतरी लोकांच्या पाठी हिवाळ्यात त्याच्यामुळे उबदार राहत आणि त्यांतल्या एकालाही याचा पत्ता नव्हता. परीक्षितची त्याबद्दल तक्रार नव्हती. मुळात तक्रार करायला लागणारी जाग त्याला फारशी नसायचीच.

पन्नाशी उलटल्यावर त्याने एक जुनी व्हॅन घेतली. संध्याकाळी तो ड्राइव्हवेवर तिच्यात चहा घेऊन बसे आणि शेजाऱ्यांच्या मेपलकडे समुद्राकडे बघावं तसा बघत राही. व्हॅनमध्ये तळ्याकाठी मुक्काम करायचा त्याचा बेत ऐकून लेक अनिका फोनवर म्हणाली, "बाबा, जस्ट बुक अ हॉटेल." पण हॉटेलात तळ्याच्या पाण्याचा उजेड छतावर हलत नाही.

सांगलीला उन्हाळ्यात गच्चीवर झोपणारी त्याची बायको आसावरी इथे आल्यावरही सुरुवातीला तंबूत आनंदाने झोपायची. मग झोपेत तिचा श्वास अडकू लागला आणि डॉक्टरांनी नाकावर मुखवटा लावून हवा देणारं मशीन दिलं. तेव्हापासून जिथे भिंतीत प्लग, तिथेच तिची रात्र. परीक्षितला तिच्याबरोबर पुन्हा एकदा पाण्याकाठी जागं व्हायचं होतं. एवढंच. पण एवढ्यासाठी सीटखाली दुसरी बॅटरी बसवणं भाग होतं.

"एकदा येते," आसावरी म्हणाली. "मशीन मध्येच बंद पडलं, तर या गाडीचं नाव पुन्हा काढायचं नाही."

"आयसोलेटर लावतोय ना."

"तो काय करतो?"

"दोन्ही बॅटऱ्या म्हणजे जावा-जावा समज. इंजिन चालू असेपर्यंत कमाई एकत्र. इंजिन बंद झालं की चुली वेगळ्या. तुझ्या मशीनने रात्रभर धाकटीचं खाल्लं, तरी सकाळी गाडी सुरू करायला थोरली भरलेली."

"जावांमध्ये इतकं सरळ चालतं होय?" आसावरी म्हणाली. तिला दोन जावा होत्या.

सगळा सप्टेंबर परीक्षित सीटखाली उताणा पडून होता. काम किती झालं हे विचारायचं नसे, कारण त्यातला बराच वेळ तो नुसता पडलेला असे. निघायच्या दिवशी सकाळी एकच नट आवळायचा राहिला, दुसऱ्या बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावरचा. तो पाना घ्यायला घरात आला, तर पाने, पक्कड, मल्टिमीटर सगळे देवासमोर पाटावर, हळदकुंकू लावून, झेंडूखाली शांत पहुडलेले.

"खंडेनवमी आहे," आसावरी म्हणाली. "उद्या उत्तरपूजा होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही."

"उद्या आपण इथे असणार कुठे?"

"आल्यावर करू. देवाला कळतं वीकेंडचं."

गाडीही खरं तर आजच पुजायची, पण गाडी चालवायला हरकत नव्हती, कारण कॅम्पसाइटचं बुकिंग झालेलं होतं. आसावरीचं शास्त्र बुकिंग पाहून बोलायचं. परीक्षितने वाद घातला नाही. त्याने नट बोटांनी जमेल तेवढा फिरवला, व्हॅनच्या आरशाला झेंडूची माळ बांधली आणि उत्तरेची वाट धरली. वाटेत रानं इतकी लाल-पिवळी झाली होती, की नट वगैरे गोष्टी जगात असतात हेच तो विसरला.

दुपारी ते तळ्याकाठी पोचले. थालीपीठं खाऊन झाल्यावर आसावरीने फर्मावलं, "आधी वामकुक्षी. ती पार पडली तर रात्रीचं बघू." मुखवटा लावून ती आडवी झाली. मशीन मंद घुमू लागलं. पाण्याचा उजेड छतावर हलू लागला आणि परीक्षितला वाटलं, आपण मासा असतो तर आकाश असंच दिसलं असतं.

तेवढ्यात मशीनने आवंढा गिळल्यासारखा आवाज केला. त्याने वाकून सीटखाली पाहिलं. इतक्या मैलांच्या हादऱ्यांनी नट ढिला पडला होता आणि वायरीचं कडं बॅटरीच्या टोकावर नुसतं टेकलं होतं. त्याने ते अंगठ्याने दाबलं. मशीन पुन्हा एकसारखं घुमू लागलं. अंगठा सैल केला की ते अडखळे. पाने घरी, झेंडूखाली.

मग तो तिथेच जमिनीवर बसून राहिला, हात सीटखाली घालून. अंगठा बधिर झाला तेव्हा दुसरा लावला. बाहेर एक पान पाण्यावर उतरलं आणि कुठेही जायची घाई नसल्यासारखं फिरत राहिलं. आसावरीचा श्वास येत होता, जात होता. कितीतरी वर्षं आपण लोकांच्या पाठी शेकल्या, पण हा श्वास आत्ता आपल्या हातातून वाहतोय, असं त्याच्या मनात आलं. ऑफिसात असलं काही कधी वाटलं नव्हतं.

उन्हं कलल्यावर तिने डोळे उघडले आणि मुखवटा काढला. "छान लागली रे झोप. तू असा का बसलायस?"

"नट ढिला झालाय."

"आणि तू तेव्हापासून धरून बसलास?"

"पाने पूजेत आहेत."

आसावरी उठली. चपला घालून ती शेजारच्या तंबूकडे गेली. तिथे डोना नावाची एक बाई कुत्र्याला घेऊन एकटीच उतरली होती. आसावरी तिच्याकडून पाना घेऊन आली.

"आज नवमी आहे," परीक्षित म्हणाला. त्याला चिडवायचं नव्हतं, खरीच शंका होती.

"डोनाच्या पान्याची पूजा कुठे झालीय? आवळ मुकाट्याने."

त्याने नट आवळला. मग बॅटरी भरायला म्हणून दोघं तळ्याभोवतीच्या रस्त्याने गाडी सावकाश फिरवत राहिली. आता परत ट्रॉयला जायचं की इथे राहायचं, हे त्याने विचारलं नाही. त्याचा अंगठा अजून बधिर होता आणि आसावरी तो आपल्या मांडीवर घेऊन चोळत होती, दुसऱ्या हाताने खिडकीबाहेर काहीतरी दाखवत.

अंधार पडायला लागल्यावर दोघं जागेवर परतली. आसावरी उशी तळ्याच्या बाजूला सरकवत म्हणाली, "पडदा ओढू नकोस हं. सकाळी उठल्या उठल्या पाणी दिसायला हवं."